‘सीमावर्ती’ व्यक्तिमत्त्व विकार : एका संज्ञेची व शुश्रूषेची वाटचाल

प्रस्तावना

वैद्यकातील बहुतेक रोगनामे रोगाविषयी काही ना काही सांगतात. क्षय म्हटले की झिजणे सूचित होते. पक्षाघात म्हटले की शरीराची एक बाजू निकामी होणे डोळ्यांसमोर येते. ‘बॉर्डरलाइन’ किंवा ‘सीमावर्ती’ व्यक्तिमत्त्व विकार हे नाव मात्र रुग्णाच्या यातनेविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. ज्या दोन प्रदेशांमधील सीमा या नावात अभिप्रेत होती, त्या प्रदेशांची आखणीच मनोविकारशास्त्राने पुढे मोडीत काढली. नाव तेवढे मागे उरले.

या विकाराचे स्वरूप आज बऱ्याच अंशी निश्चित झालेले आहे. भावनांची तीव्रता व त्यांतील झपाट्याने होणारे चढउतार, जवळची व्यक्ती आपल्याला सोडून जाईल ही सततची धास्ती, त्याच व्यक्तीला आज देवत्व बहाल करणे आणि उद्या तिचे पूर्ण अवमूल्यन करणे, आपण नेमके कोण आहोत याविषयीची अस्थिरता, आतला रितेपणा, अनावर क्रोध, अविचारी आवेग, आणि स्वतःला इजा करण्याचे वा आत्महत्येचे वारंवार होणारे प्रयत्न ही त्याची प्रमुख लक्षणे होत. रुग्णाला व त्याच्या कुटुंबीयांना सोसाव्या लागणाऱ्या या यातनेत बराच काळ आणखी एका गोष्टीची भर पडत होती. ती म्हणजे रुग्णालयात मिळणारी वागणूक.

प्रस्तुत निबंधात या संज्ञेचा १९३८ पासूनचा प्रवास व त्यासोबत बदलत गेलेली शुश्रूषा यांचा परामर्श घेतला आहे. हा इतिहास प्रामुख्याने अमेरिका व इंग्लंड येथील रुग्णालयांत घडला. त्यातून एक बाब ठळकपणे पुढे येते. हे रुग्ण समजून घेण्यातील मोठा अडसर उपचारकांच्या बाजूला होता, आणि उपचारकांनी स्वतःच्या पद्धतीची व स्वतःच्या मनातील रागाची चिकित्सा सुरू केल्यानंतरच शुश्रूषेत सुधारणा होऊ लागली.

संज्ञेचा उगम

शहाणपण व वेड यांच्यामधील ‘सीमाप्रदेश’ ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील वैद्यकीय लेखनात आढळते. अमेरिकेतील सेंट लुइस येथील चार्ल्स ह्यूज यांनी १८८४ मध्ये अशा सीमाप्रदेशातील रुग्णांविषयी लिहिले होते. तथापि आजच्या अर्थाशी नाते सांगता येईल असा वापर न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांच्या १९३८ मधील निबंधात प्रथम दिसतो.

स्टर्न यांच्यापुढील अडचण समजण्यासाठी त्या काळची व्यवस्था ध्यानात घेतली पाहिजे. मनोविश्लेषणात रुग्ण कोचावर पहुडतो, मनात येईल ते बोलतो, आणि विश्लेषक त्याच्या नजरेआड बसून बहुतांशी मौन पाळतो. मज्जाविकृतीच्या रुग्णांना ही पद्धती मानवते आणि चित्तविकृतीच्या, म्हणजे वास्तवाशी संबंध तुटलेल्या रुग्णांना ती मानवत नाही, अशी सर्वमान्य धारणा होती. स्टर्न यांच्याकडे मात्र असे काही रुग्ण येत, जे वरकरणी पहिल्या गटातील वाटत पण कोचावर पडल्यावर सुधारण्याऐवजी अधिकच खालावत. त्यांची दहा वैशिष्ट्ये स्टर्न यांनी नोंदवली. त्यांपैकी एकास त्यांनी ‘मानसिक रक्तस्राव’ असे नाव दिले होते. इतर माणसे एखाद्या आघातातून सावरतात, तर ही माणसे भळभळती जखम घेऊन कोसळतात, असा त्याचा आशय. या रुग्णांना बालपणी पुरेसे वात्सल्य लाभले नसल्याचे व त्यांच्याशी वागताना विश्लेषकाने अधिक आधार देण्याची गरज असल्याचेही त्यांनी सांगितले होते.

यात एक बारीक गोष्ट दडलेली आहे. या गटाची ओळख रुग्णांच्या दुःखावरून ठरली नव्हती; प्रचलित उपचार त्यांना लागू पडत नाही यावरून ती ठरली होती. उपचाराची मर्यादा रुग्णाचा गुणधर्म म्हणून नोंदली गेली. पुढील पन्नास वर्षांच्या गैरसमजांचे मूळ शोधायचे तर ते इथे सापडते, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्यानंतरच्या दोन दशकांत नावांची गर्दी झाली. हेलेन डॉइच यांनी ‘जणू काही’ व्यक्तिमत्त्वाचे वर्णन केले. पॉल होक व फिलिप पोलाटिन यांनी १९४९ मध्ये अशाच स्वरूपाच्या रुग्णांना छिन्नमनस्कतेचाच एक छुपा प्रकार मानले. या सर्वांत अधिक प्रामाणिक सूर रॉबर्ट नाइट यांचा होता. १९५३ मधील आपल्या निबंधात त्यांनी स्पष्टपणे लिहिले की, या नावातून रुग्णाच्या अवस्थेपेक्षा मनोविकारतज्ज्ञाची अनिश्चितताच अधिक कळते. कोणतीही चौकट नसलेल्या मोकळ्या मुलाखतीत असा रुग्ण अधिक ढासळतो, हेही त्यांनी दाखवून दिले. नाइट यांचे पहिले विधान पुढे अनेकांनी उद्धृत केले. दुसऱ्याकडे मात्र फार थोड्यांनी लक्ष दिले.

वर्गीकरणाकडे

१९६७ मध्ये ओटो कर्नबर्ग यांचा ‘सीमावर्ती व्यक्तिमत्त्व संघटन’ या विषयावरील निबंध प्रसिद्ध झाला आणि चर्चेला नवे वळण मिळाले. व्हिएन्नात जन्मलेले व नाझी राजवटीमुळे कुटुंबासह चिली देशात आश्रय घ्यावा लागलेले कर्नबर्ग त्या वेळी अमेरिकेत कॅन्सस राज्यातील टोपेका येथील मेनिंजर संस्थेत कार्यरत होते. ही अवस्था म्हणजे दोन रोगांच्या मधला तात्पुरता मुक्काम नव्हे, ती मनाची एक टिकाऊ घडण आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. या घडणीच्या केंद्रस्थानी त्यांनी ‘विभाजन’ ठेवले. एकाच माणसात चांगले व वाईट एकत्र नांदू शकते, हे या रुग्णांच्या मनाला पेलत नाही; म्हणून जग संपूर्ण चांगले आणि संपूर्ण वाईट अशा दोन तुकड्यांत दुभंगते. कर्नबर्ग यांच्या या सिद्धांताने रुग्णाच्या बेभरवशाच्या वर्तनामागे सुसंगती आहे हे दाखवले, आणि ही त्यांची कामगिरी मोलाची होय. परंतु रुग्णाच्या आक्रमकतेवर त्यांनी दिलेला भर वाचताना, सर्वच वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या हाती तो सारख्याच संयमाने वापरला गेला असेल का, अशी शंका येते.

शिकागो येथील रॉय ग्रिंकर यांनी वेगळा मार्ग धरला. सिद्धांत बाजूला ठेवून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल असलेल्या सुमारे पन्नास रुग्णांचे दैनंदिन वर्तन नोंदवले आणि १९६८ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. १९७५ मध्ये जॉन गुंडरसन व मार्गारेट सिंगर यांनी तोवरच्या लेखनाचा आढावा घेऊन मोजक्या, पडताळून पाहता येतील अशा लक्षणांची यादी सिद्ध केली. रॉबर्ट स्पिट्झर यांनी मनोविकारतज्ज्ञांची पाहणी करून ही लक्षणे तपासली आणि १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत हा विकार अधिकृतपणे समाविष्ट झाला. स्पिट्झर यांच्या गटाने ‘अस्थिर’ हे विशेषण विचारात घेतले होते. रूढीने ‘बॉर्डरलाइन’ हेच नाव टिकवले.

आठ लक्षणांपैकी किमान पाच असल्यास निदान करावे, असा निकष तेव्हा ठरला. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत नववे लक्षण आले : तणावाच्या काळात तात्पुरता उद्भवणारा संशय अथवा स्वतःपासून तुटल्याची जाणीव. नवांपैकी किमान पाच लक्षणे निवडण्याच्या रीती २५६ होतात. म्हणजेच एकच निदान झालेल्या दोन व्यक्तींत केवळ एकच लक्षण समान असू शकते. या गणिताकडे टीकाकार आजही बोट दाखवतात. तरीही १९८० च्या निर्णयाचे महत्त्व कमी लेखता येत नाही. निकष निश्चित झाल्याविना उपचारांची तुलना अशक्य होती, आणि तुलना झाल्याविना उपचार सुधारणेही अशक्य होते.

नावडते रुग्ण

निदानाचा इतिहास ग्रंथांतून सापडतो. शुश्रूषेचा इतिहास मात्र वॉर्डातून शोधावा लागतो. या दृष्टीने लंडनजवळील कॅसल रुग्णालयाचे संचालक टॉम मेन यांचा १९५७ मधील ‘द एलमेंट’ हा निबंध असाधारण मोलाचा आहे. मेन यांनी ‘बॉर्डरलाइन’ ही संज्ञा वापरलेली नाही. परंतु ज्या रुग्णांनी संपूर्ण कर्मचारीवर्गाला जेरीस आणले होते अशांचा त्यांनी परिचारिकांसह मागोवा घेतला. परिचारिकांशी झालेल्या मोकळ्या चर्चेत झोपेची औषधे नेमकी केव्हा दिली जातात हा प्रश्न निघाला. निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. रुग्णाचा त्रास सहन करण्याची परिचारिकेची स्वतःची शक्ती संपली की औषध दिले जाई. औषध रुग्णाला मिळे, आराम मात्र परिचारिकेला लाभे. असे रुग्ण कर्मचाऱ्यांत दोन तट पाडतात, हेही मेन यांनी नोंदवले. एक तट त्यांना वाचवायला धावतो, दुसरा त्यांना शिस्त लावू पाहतो, आणि या भांडणात रुग्णाची प्रकृती आणखी बिघडते.

मेन यांच्या निबंधात दोषारोप नाही. ज्याला बरे करता येत नाही त्याच्यावर उपचारकाचा राग असतो आणि हा राग बहुधा अधिक उपचाराचे रूप घेऊन प्रकटतो, एवढेच त्यांचे म्हणणे. डोनल्ड विनिकॉट यांनीही १९४९ मध्ये उपचारकाच्या मनातील द्वेषाविषयी निर्भीडपणे लिहिले होते. परंतु ही परंपरा मनोविश्लेषकांच्या छोट्या वर्तुळापुरती राहिली. सर्वसाधारण रुग्णालयांत ‘बॉर्डरलाइन’ हा शब्द निदानापेक्षा शेरा म्हणूनच अधिक वापरला जाऊ लागला. हाताची जखम शिवताना ‘नाटकी’, ‘लक्ष वेधून घेण्यासाठी केलेले’ असे उद्गार काढले जात.

ही केवळ ऐकीव तक्रार नव्हती. १९८८ मध्ये ग्लिन लुइस व लुइस अ‍ॅपलबी या ब्रिटिश संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. रुग्णाची काल्पनिक हकीकत मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवण्यात आली. काही प्रतींत रुग्णाला पूर्वी ‘व्यक्तिमत्त्व विकार’ असल्याचे निदान झाले होते एवढे वाक्य अधिक होते. ते वाक्य वाचलेल्या तज्ज्ञांनी तोच रुग्ण अधिक कटकटीचा, हेतुपुरस्सर वागणारा व मदतीस कमी पात्र ठरवला. मनोविकारतज्ज्ञांना न आवडणारे रुग्ण, अशा अर्थाचे शीर्षकच त्या निबंधास दिलेले आहे. एका वाक्याने एवढा फरक पडत असेल, तर ते वाक्य निदान उरत नाही. तो निवाडा होतो.

इंग्लंडमध्ये या वस्तुस्थितीची शासकीय पातळीवर दखल घेतली गेली ती २००३ मध्ये. व्यक्तिमत्त्व विकार हे यापुढे सेवेतून वगळण्याचे निदान नव्हे, असे शीर्षकातच सांगणारी मार्गदर्शिका तेथील मानसिक आरोग्य संस्थेने प्रसिद्ध केली. तोवर हे निदान झालेल्यांना अनेक ठिकाणी सेवा नाकारली जात होती, याची ती अप्रत्यक्ष कबुलीच म्हणावी लागेल.

हार्टफर्ड ते सिएटल

या इतिहासातील सर्वांत परिणामकारक बदल ज्या व्यक्तीमुळे घडला ती व्यक्ती स्वतः एके काळी वॉर्डाच्या आतल्या बाजूस होती. मार्शा लिनेहान यांचा जन्म १९४३ मध्ये ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथे झाला. १९६१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांना कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड येथील ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’ या रुग्णालयात दाखल करण्यात आले. तेथे त्या सव्वीस महिने होत्या. स्वतःला भाजणे, कापणे, डोके आपटणे हे थांबत नसल्याने त्यांना दीर्घकाळ एकांत कोठडीत ठेवले गेले. निदान छिन्नमनस्कतेचे झाले होते. थोराझिनसारखी औषधे व विजेचे झटके देऊनही उपयोग झाला नाही. हा पूर्वेतिहास त्यांनी त्याच रुग्णालयातील एका व्याख्यानात २०११ मध्ये प्रथम जाहीर केला. तोवर त्यांनी विकसित केलेली उपचारपद्धती जगभर पोहोचली होती.

त्यांची कार्यपद्धती अभ्यासताना, त्या अपयशातून कसे शिकत गेल्या हे पाहणे उद्बोधक ठरते. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी आत्महत्येचे वारंवार प्रयत्न करणाऱ्या स्त्रियांवर प्रचलित वर्तनोपचार करून पाहिले. वर्तनोपचाराचा सारा रोख बदलावर असतो. त्यामुळे या स्त्रियांना, ‘दोष तुझ्यातच आहे’ असे सुनावले जात असल्याची भावना होई आणि त्या उपचार सोडून जात. उलट, केवळ सहानुभूतीने ऐकून घेतले तर, ‘माझे हाल कोणी थांबवणार नाही’ म्हणून त्या हताश होत. हा पेच सोडवताना लिनेहान यांनी झेन साधनेचा आधार घेतला. त्यासाठी त्या कॅलिफोर्नियातील मठात राहिल्या व नंतर जर्मनीत विलिगिस येगर यांच्याकडेही शिकल्या. तुझे वागणे तुझ्या परिस्थितीत समजण्याजोगे आहे, आणि तरीही ते बदलले पाहिजे, ही दोन विधाने एकाच वेळी खरी मानून उपचार करायचा, असे त्यांनी ठरवले. परस्परविरोधी सत्यांना एकत्र धरणाऱ्या या पद्धतीस ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’, अर्थात द्वंद्वात्मक वर्तनोपचार, हे नाव मिळाले. शांतपणे ‘असे आहे’ म्हणण्याची शिकवण प्रयोगशाळेतील मानसशास्त्राने एखाद्या मठातून उसनी घेण्याचा हा प्रसंग विरळाच.

विकाराचे कारण त्या दोन बाबींच्या संयोगात शोधतात. काही मुले उपजतच भावनिकदृष्ट्या अतिसंवेदनशील असतात. अशा मुलाला जर, ‘एवढ्यातेवढ्यावरून काय रडतेस’, ‘तुला काही झालेले नाही’ असेच सतत ऐकावे लागले, तर आपल्या भावना ओळखणे व आवरणे त्याला शिकताच येत नाही. मग तीव्र वेदना असह्य झाली की स्वतःला इजा करणे हा तात्पुरत्या सुटकेचा मार्ग बनतो. या उपपत्तीमुळे वॉर्डातील प्रश्न बदलला. ‘ही असे का करते आहे’ या त्रासिक उद्गाराच्या जागी ‘कोणते कौशल्य तिला कधी शिकवलेच गेले नाही’ हा प्रश्न आला.

उपचाराची घडणही त्यानुसार बेतलेली आहे. आठवड्यातून एकदा व्यक्तिगत भेट, गटात कौशल्यांचे वर्ग, संकटाच्या वेळी उपचारकाला दूरध्वनी करण्याची मुभा, आणि उपचारकांची स्वतःची साप्ताहिक बैठक असे तिचे चार भाग आहेत. यांतील शेवटचा भाग बाहेरच्यांना दुय्यम वाटतो. वस्तुतः टॉम मेन यांनी दाखवलेल्या दुखण्यावरचा इलाज तोच आहे. उपचारक थकतो, चिडतो, घाबरतो हे गृहीत धरून त्याचीही देखभाल या पद्धतीत उपचाराचाच भाग मानली आहे.

१९९१ मध्ये लिनेहान व सहकाऱ्यांनी या पद्धतीची पहिली यादृच्छिक तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध केली. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत या गटातील स्त्रियांत स्वतःला इजा करण्याचे प्रमाण घटले, त्या रुग्णालयात कमी दिवस राहिल्या, आणि त्यांनी उपचार अर्ध्यावर सोडले नाहीत. हे रुग्ण उपचारात टिकत नाहीत, हा समज त्यामुळे डळमळीत झाला.

लंडनमध्ये अँथनी बेटमन व पीटर फोनॅगी यांनी वेगळ्या वाटेने तसेच यश मिळवले. ‘मेंटलायझेशन’ म्हणजे स्वतःच्या व दुसऱ्याच्या वर्तनामागील मन ओळखण्याची क्षमता. भावनेच्या भरात ती हरवते आणि ती सावरणे हाच उपचार, असे त्यांचे सूत्र. १९९९ मध्ये त्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात, २००८ मध्ये, उपचार घेतलेल्या गटातील १३ टक्के व्यक्तींतच निदानाचे निकष शिल्लक होते. तुलनेच्या गटात हे प्रमाण ८७ टक्के होते. नेदरलँड्समध्ये जेफ्री यंग यांच्या स्कीमा उपचारपद्धतीची चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. औषधांची कथा मात्र थोडक्यात संपते. इंग्लंडच्या ‘नाइस’ संस्थेने २००९ मध्ये या विकारासाठी म्हणून औषध देऊ नये, असे सांगितले. लॅमोट्रिजिन या औषधाची २७६ रुग्णांवरील ब्रिटिश चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातही लाभ दिसला नाही.

भाकिताची फेरतपासणी

‘हा विकार जन्माचा असतो’ हे वाक्य अनेक पिढ्यांनी पाठ्यपुस्तकांतून आणि त्याहून अधिक वरिष्ठांच्या तोंडून ऐकले. व्यक्तिमत्त्व म्हणजे न बदलणारे, ही समजूत त्यामागे होती. मॅरीलँड राज्यातील चेस्टनट लॉज रुग्णालयाच्या जुन्या रुग्णांचा थॉमस मॅक्ग्लाशन यांनी, व न्यूयॉर्कमधील रुग्णांचा मायकेल स्टोन यांनी घेतलेला दीर्घ मागोवा १९८६ ते १९९० या काळात प्रसिद्ध झाला. मध्यमवयात पोहोचेपर्यंत यांतील बहुसंख्य माणसे सावरलेली आढळली. तरी वॉर्डातील मत बदलले नाही. याचे कारण उघड आहे. जे बरे होतात ते परत येत नाहीत. कर्मचाऱ्यांना दिसतात ते पुन्हा पुन्हा दाखल होणारेच.

या दृष्टिभ्रमाचे निराकरण मेरी झनारिनी यांच्या अभ्यासाने केले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील मॅक्लीन रुग्णालयात १९९२ पासून दाखल झालेल्या २९० रुग्णांची त्यांनी दर दोन वर्षांनी पुन्हा भेट घेतली. २०१० मध्ये दहा वर्षांचे निष्कर्ष जाहीर झाले. ९३ टक्के रुग्णांमध्ये किमान दोन वर्षे टिकणारी लक्षणमुक्ती आढळली. मात्र लक्षणमुक्तीसोबत काम वा शिक्षण व निदान एक स्थिर नाते, असा अधिक कठोर निकष लावला की हे प्रमाण ५० टक्क्यांवर येते. म्हणजे वादळ शमते, पण घर पुन्हा उभे राहतेच असे नाही.

या आकड्यांची दुसरी बाजूही दुर्लक्षिता येत नाही. याच अभ्यासाच्या चोवीस वर्षांच्या पाठपुराव्यात ५.९ टक्के रुग्णांचा मृत्यू आत्महत्येने, तर १४ टक्के रुग्णांचा मृत्यू अन्य कारणांनी झाला होता. स्वतःला इजा करणाऱ्याला ‘नुसते भेडसावणारा’ म्हणून सोडून देणे किती धोक्याचे आहे हे यावरून उमगते. तसेच मधुमेह, हृदयविकार, व्यसने यांसारख्या शारीरिक प्रश्नांकडे या रुग्णांच्या बाबतीत अधिक लक्ष देण्याची गरजही लक्षात येते. हा विकार केवळ स्त्रियांचा, हा समजही असाच तपासावा लागला. रुग्णालयांत सुमारे तीन-चतुर्थांश रुग्ण स्त्रिया असल्या, तरी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३४,६५३ प्रौढांच्या अमेरिकन पाहणीत स्त्रीपुरुष प्रमाणात लक्षणीय भेद आढळला नाही.

नावाचा प्रश्न

१९८९ मध्ये ज्युडिथ हर्मन, ख्रिस्तोफर पेरी व बेसल व्हॅन डर कोल्क यांनी या निदानाच्या रुग्णांत बालपणीच्या शारीरिक व लैंगिक अत्याचारांचे प्रमाण फार मोठे असल्याचे दाखवले. अत्याचारपीडित व्यक्तीला ‘व्यक्तिमत्त्वात दोष आहे’ असे सांगणे हा दुसरा अन्याय होय, अशी भूमिका त्यातून पुढे आली. हर्मन यांनी १९९२ मध्ये ‘जटिल’ आघातोत्तर विकाराची संकल्पना मांडली. सर्वच रुग्णांच्या बाबतीत असा इतिहास मिळत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून एका नावाऐवजी दुसरे नाव एवढ्याने प्रश्न मिटला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत ‘भावनिकदृष्ट्या अस्थिर व्यक्तिमत्त्व विकार’ हे नाव व त्याखाली ‘बॉर्डरलाइन’ हा उपप्रकार होता. २०१९ मध्ये स्वीकृत व जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीने जुने सर्व प्रकार काढून व्यक्तिमत्त्व विकाराची केवळ तीव्रता नोंदवण्याची पद्धत आणली आणि जटिल आघातोत्तर विकारालाही स्वतंत्र स्थान दिले. ‘बॉर्डरलाइन’ मात्र पूर्णपणे गेले नाही. या नावाभोवती उभ्या राहिलेल्या उपचारपद्धती व सेवा निराधार होतील, असा आक्षेप संबंधित तज्ज्ञसंघटनांनी घेतला, आणि ‘बॉर्डरलाइन आकृतिबंध’ अशी जोड नोंद ठेवण्यात आली. ज्या नावाने रुग्णांना दाराबाहेर ठेवले, तेच नाव आता त्यांच्यासाठी दार उघडे ठेवते, अशी ही विचित्र परिस्थिती आहे.

मराठीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. मानसशास्त्राच्या आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘विकृती’ हा शब्द पारिभाषिक अर्थाने सर्रास येतो. परंतु बोलीत ‘विकृत’ ही शिवी आहे. ‘व्यक्तिमत्त्व विकृती’ असे शब्द एखाद्या विद्यार्थिनीच्या कागदावर लिहिले गेले, तर तिचे आईवडील त्याचा जो अर्थ घेतील तो कोणत्याही निदानपुस्तिकेत नाही. ‘विकार’ हा शब्द त्या मानाने निरुपद्रवी आहे. ‘सीमावर्ती’ या विशेषणाने तर अर्थबोधच होत नाही. कोणाची सीमा, कशाची सीमा, हे सांगायला स्टर्न यांचा कोच आज जागेवर नाही. ‘भावनिक अस्थिरता’ हे शब्द शास्त्रदृष्ट्या अपुरे असतील, पण ते ज्याच्याविषयी आहेत त्याला ओळखीचे वाटतात.

भारतीय कायद्याशीही या वर्गीकरणाचा थेट संबंध आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम ३ नुसार मानसिक आजाराची निश्चिती राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या निकषांनी करायची असते, आणि त्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या अद्ययावत आवृत्तीचा उल्लेख आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरवले. आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा मानणारे भारतीय दंडसंहितेचे कलम ३०९ हे १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर उरले नाही. लोकसेवकास त्याच्या कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र अजूनही गुन्हा आहे. या विकाराच्या रुग्णांना अशा प्रयत्नांनंतर वारंवार रुग्णालय गाठावे लागते. त्यामुळे हा बदल त्यांच्यासाठी विशेष अर्थपूर्ण आहे.

साध्या उपचाराचे सामर्थ्य

द्वंद्वात्मक वर्तनोपचाराचे पूर्ण प्रशिक्षण दीर्घ व खर्चिक असते. ज्या देशांत तज्ज्ञांची वानवा आहे तेथे ही पद्धती मोजक्या शहरांपुरती राहण्याचा संभव असतो. म्हणूनच टोरांटो येथे शेली मॅकमेन यांनी १८० रुग्णांवर केलेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो. एका गटास लिनेहान यांची पद्धती, तर दुसऱ्यास या विकाराची जाण असलेल्या मनोविकारतज्ज्ञांनी दिलेले सुसूत्र पण साधे उपचार देण्यात आले. वर्षअखेरीस दोन्ही गटांत सारखीच सुधारणा झाली होती.

या निष्कर्षाचा धागा पकडून गुंडरसन यांनी पॉल लिंक्स यांच्या सहकार्याने २०१४ मध्ये सर्वसाधारण मनोविकारतज्ज्ञांसाठी एक हस्तपुस्तिका सिद्ध केली. २०१९ मध्ये निधन होण्यापूर्वीचे हे त्यांचे महत्त्वाचे काम. ही पद्धती एका दिवसाच्या प्रशिक्षणात शिकवता येते. तिच्यात गूढ असे काही नाही. रुग्णाला निदान लपवून न ठेवता समजावून सांगावे. हा विकार बहुतांश लोकांत ओसरतो हे त्याच वेळी सांगावे. कुटुंबीयांना दोष न देता त्यांना सोबत घ्यावे. औषधे कमीत कमी ठेवावीत. भेट साधारण आठवड्यातून एकदा असावी आणि ती उपयोगी पडते आहे का हे दोघांनी मिळून तपासत राहावे. आणखी एक सूचना तिच्यात आहे, जी मनोविश्लेषणाच्या कोणत्याही जुन्या ग्रंथात सहसा आढळली नसती : प्रेमसंबंधांच्या गुंत्यात शिरण्याआधी रुग्णाने नोकरी, शिक्षण वा नियमित कामाचे कोणतेतरी ठिकाण मिळवावे आणि उपचारकाने पहिल्या भेटीपासून त्याचा पाठपुरावा करावा.